पहिला कॅमेरा, ईदीच्या पैशांतून

दहावीच्या निकालानंतर आमच्या मुलीने कॅमेरा मागितला. “फोन आहे ना?” आम्ही म्हणालो. “अब्बा, फोन सगळं स्वतःच ठरवतो. मला शिकायचंय.” म्हणणे खरे होते. उजेड किती घ्यायचा, शटर किती वेळ उघडे ठेवायचे, हे स्वतः ठरवल्याशिवाय हात बसत नाही.

तिची साठवलेली ईदी आणि आमची भर मिळून २५ हजार झाले. नवा घ्यायचा तर व्याजाचा हप्ता. तो नको होता. म्हणून पापडीहून मुंबईला, सीएसएमटीजवळच्या बोरा बझारात वापरलेला निकॉन डी३५०० पाहायला गेलो.

पहिल्याची लेन्स काढून आरपार टॉर्च मारला, तर आत कोळिष्टकासारखे धागे. बुरशी! तो ठेवून दिला. दुसऱ्याची लेन्स स्वच्छ होती. त्याने एक फोटो काढून फाइलमधला क्लिकचा आकडा पाहिला: १४ हजार. या मॉडेलचे शटर कंपनीने १ लाख क्लिकपर्यंत तपासलेले आहे. तो घेतला.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. पुढे लेन्स घेताना तिच्यावर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेले पाहावे, नाहीतर फोकस हाताने करावा लागतो. आणि वसईच्या दमट हवेत कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

पहिला फोटो तिने खिडकीपाशी तस्बीह फिरवणाऱ्या दादीचा काढला. बारा अंधारे आले, तेरावा जमला. तो पाहून दादी म्हणाल्या, “पुन्हा काढ, ओढणी नीट घेते.”