दोन नळ्या, दोन स्वभाव

आजोबांच्या काळातली बारा बोअरची विलायती दुनळी बंदूक काही घरांत परवान्यासह अजून जपलेली आहे. तिच्याबद्दल एक तक्रार असते : उजव्या नळीचे छर्रे पांगतात, डावीचे एका जागी बसतात, उजवी झिजली असेल. मग कोणीतरी सल्ला देतो, दोन्ही तोंडे कापून सारखी करून घ्या. तसे मुळीच करू नका. बंदूक बिघडलेली नाही, ती मुद्दाम तशी घडवली आहे.

नळीच्या तोंडापाशी आतली पोकळी किंचित अरुंद ठेवतात. ह्यालाच चोक म्हणतात. पाइपचे तोंड बोटाने दाबले की पाण्याची धार लांब जाते, तसेच काहीसे; मात्र छऱ्यांचा जोर त्याने फारसा वाढत नाही, ते उशिरा पांगतात इतकेच. पूर्ण चोक म्हणजे एक मिलिमीटरचा फरक, अर्धा चोक म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणून दोन-तीन इंच कापले की चोक गेलाच, आणि तो परत येत नाही. शिवाय परवानगीवाचून नळी आखूड करणे हा 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

चोकचे पेटंट इंग्लंडात न्यूकॅसलच्या पेप यांनी 1866 साली घेतले, आणि 1874 च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या ग्रीनर यांनी तो लोकप्रिय केला. पाखरू उठून दूर पळते. पहिला बार जवळून, म्हणून उजवी नळी मोकळी. दुसरा लांबून, म्हणून डावी आवळलेली. पुढचा चाप बहुधा उजवीचा असतो.

कस बघायचा तो कागदावर. चाळीस यार्डांवर, म्हणजे 120 फुटांवर, अडीच फूट व्यासाच्या वर्तुळात शंभरातले किती छर्रे बसले ते मोजतात. बिनचोक नळीचे साधारण 40, अर्ध्या चोकचे 60, पूर्ण चोकचे 70. काडतूस बदलले की आकडा बदलतो. प्लॅस्टिकच्या वाडचे काडतूस बहुधा छर्रे जास्त एकवटते. ही चाचणी परवानगीच्या चांदमारीवरच करा, गावच्या माळावर नको.

तोंडात नाणे घालून चोक ओळखण्याची युक्ती मात्र सोडून द्या. बारा बोअरची नळी 18.5 मिलिमीटर धरतात, पण जुन्या नळ्यांवर 13 चा शिक्का असला तर ती मुळातच 18 च्या आसपास असते. चोक म्हणजे आतल्या आणि तोंडाच्या मापांतला फरक. नाणे एकच माप सांगते. माहीतगार कारागिराकडून दोन्ही मापे घ्या.

आता जिवाची गोष्ट. बंदूक मोडून दोन्ही घरे रिकामी असल्याची खात्री करा, नळ्या काढा आणि खालच्या बाजूचे शिक्के भिंगाने वाचा. 1875 ते 1887 च्या काळातल्या चोकच्या इंग्रजी नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असे कोरलेले सापडते. पुढे नुसते ‘चोक’ आले. अशा नळीतून अखंड गोळी घातली तर ती अरुंद तोंडात अडून नळी फुटू शकते. डावीने लांब लागते म्हणून रानडुकरासाठी गोळी डावीत भरणारे आहेत. वनखात्याच्या परवानगीवाचून डुकरावर बार टाकता येत नाहीच. पण परवानगी हाती असली तरी तशा नळीत गोळी भरू नका. शिक्का झिजून वाचता येत नसेल, तर चोक आहे असेच धरून चाला.