विजेच्या मोटारसायकलीचा विमा

अलीकडे आमच्या अष्टागरांत हिरव्या नंबरपाटीच्या गाड्या पुष्कळ दिसूं लागल्या आहेत. रेवदंड्याच्या बाजारांत, चौलच्या रस्त्यावर किंवा साळावच्या पुलावर घटकाभर उभें राहिलें, तर एखादी विजेची दुचाकी आवाज न करतां शेजारून निघून जाते. पेट्रोलचा खर्च वांचतो आणि रात्रीं पडवींत चार्जर लाविला म्हणजे सकाळीं अलिबागेस जाऊन येतां येतें, हा हिशेब शेतकऱ्यास शिकवावा लागत नाहीं. मात्र विम्याची गोष्ट निघाली कीं हाच हिशेबी गृहस्थ एकच प्रश्न विचारतो : "कमींत कमी किती?" हा प्रश्न अपुरा आहे असें आमचें मत आहे, व तें कां, हें शेतकरी बंधूंपुढें मांडावयाचें आहे.

विम्याचे दोन भाग असतात. त्यांची गल्लत करूं नये. पहिला भाग तिऱ्हाइताचा, ज्यास दुकानांत 'थर्ड पार्टी' म्हणतात. आपल्या गाडीनें दुसऱ्यास इजा झाली तर भरपाई कंपनीनें द्यावयाची. १९३९ च्या मोटार कायद्यांतील यासंबंधीचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें; आज १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ प्रमाणें हा विमा सक्तीचा आहे. त्यावांचून गाडी चालविल्यास पहिल्या वेळीं दोन हजार रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण या दंडाची भीति आम्ही घालीत नाहीं. खरी भीति कलम १७४ ची आहे. अपघात न्यायाधिकरणानें ठरविलेली रक्कम भरली गेली नाहीं, तर कलेक्टराकडे प्रमाणपत्र जातें आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते.

आमचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. असें एक प्रमाणपत्र आमच्या टेबलावर आलें होतें. मोटारसायकल जुनी, विमा संपून पांच महिने झालेले, आणि धडक बसलेला पादचारी चार मुलांचा बाप. रक्कम लाखांत होती. मालकाच्या वाटणीस आलेल्या वाडीवर बोजा चढविण्याचा कागद आम्हींच लिहून तलाठ्याकडे धाडला. त्या दिवशीं मालकाची आई कचेरीच्या पायरीवर सायंकाळपर्यंत बसून होती. चुकलेला हप्ता हजार रुपयांच्या आंतला होता.

आतां या हप्त्याचे दर पाहूं. हे दर सरकार ठरवितें. कोणत्याही कंपनीकडे गेलें तरी ते एकच. मे २०२२ च्या अधिसूचनेंत ७५ ते १५० सी.सी. च्या पेट्रोल गाडीस वर्षास ७१४ रुपये ठरले. विजेच्या दुचाकीस ३ किलोवॅटपर्यंत ४५७, आणि ३ ते ७ किलोवॅटपर्यंत ६०७. विजेच्या गाड्यांस शेंकडा १५ सूट मुद्दाम दिलेली आहे. नव्या दुचाकीस हा विमा एकदम पांच वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम झाला. त्याचे २०२२ चे आकडे अनुक्रमें २,४६६ आणि ३,२७३ रुपये. कर निराळा. हप्ता भरतांना त्या दिवशींचा दर पाहून घ्यावा. येथें घासाघीस करण्यास जागाच नाहीं, तेव्हां "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त" असें कोणी म्हटल्यास तो इतर कांहीं विकूं पाहत आहे असें समजावें.

ताशीं २५ किलोमीटरच्या आंत धांवणाऱ्या व २५० वॅटच्या आंतील शक्तीच्या गाडीस नोंदणीही नको व सक्तीचा विमाही नको. परंतु मिस्त्रीकडून तिचा वेग वाढवून घेतला कीं ती मोटार वाहन ठरते, आणि तिच्या अपघाताचें ओझें मालकाच्या वाडीवर येतें.

दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. १ जानेवारी २००७ पासून याचे दर कंपन्यांच्या हातीं आले, म्हणून खरा शोध येथें करावा. आम्हीं आमची गाडी घेतली तेव्हां विक्रेत्यानें एक रक्कम सांगितली आणि खालीं सही मागितली. सातबारा वाचण्याची संवय असल्यामुळें आम्हीं रकानावार तपशील मागितला. त्यांत मालकाचा अपघात विमा होता, जो आमच्याजवळ पंधरा लाखांचा आधींच होता. शिवाय दोन-तीन जोडकलमें होतीं, ज्यांचा अर्थ विक्रेत्यासही नीट सांगतां आला नाहीं. हीं वगळून तीन कंपन्यांचे दर मागविले, तेव्हां रक्कम पुष्कळच खालीं आली. या भागाचा विमा एकेका वर्षाचा घेतां येतो, आणि विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असें बंधन नाहीं. जुन्या पेट्रोल गाडीवर भरपाई न मागितल्याबद्दल मिळालेली सूट, 'नो क्लेम बोनस', ही गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकून विजेची घेतली तर ती नव्या गाडीस लावून घ्यावी. पहिल्या वर्षास शेंकडा २० पासून ती ५० पर्यंत चढते. विमापत्र संपून ९० दिवस लोटले कीं ती बुडते.

आतां बॅटरीविषयीं, कारण सगळें पाणी येथेंच मुरतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें आमच्या किनाऱ्यावरील माड-पोफळी कशा झोपविल्या हें वाचकांस सांगावयास नको. वादळ, पूर, वीज, आग, चोरी हीं सर्व संकटें दुसऱ्या भागांत येतात. पहिल्या भागांतून यांपैकीं एका पैचीही भरपाई होत नाहीं. मार्च २०२२ मध्यें पुण्यास एका विजेच्या स्कूटरनें उभ्या उभ्या पेट घेतला. तसली आगही यांतच मोडते. दोन पावसाळ्यांपूर्वीं आमच्या शेजाऱ्यांच्या वाडींत पोफळ मोडून त्यांच्या गाडीवर पडली. बॅटरीचें कवच फुटलें. त्यांचा विमा पुरता होता, म्हणून ते निश्चिंत होते. पण बॅटरीच्या किंमतीपैकीं निम्मी रक्कम कापून उरलेली हातीं आली. कंपनीनें लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. रबर, प्लॅस्टिक, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर शेंकडा ५० घसारा, असें बहुतेक विमापत्रांत छापलेलेंच असतें.

हें कलम २००२ च्या मोटार टॅरिफांतही होतें. तेव्हां दुचाकीची बॅटरी म्हणजे तेजाबाची लहानशी पेटी. तिची निम्मी किंमत गेली तरी कोणाचें बिघडत नव्हतें. विजेच्या गाडींत बॅटरी हाच सर्वांत महाग भाग. समजा, ती साठ हजारांची आहे; तर हप्ता वेळेवर भरूनही तीस हजार रुपये मालकानेंच काढावयाचे. ट्यूबच्या रांगेंत बसविलेल्या बॅटरीस वेगळें काढून तिच्या वयाप्रमाणें घसारा लावावा, ही मागणी आम्हांस न्याय्य वाटते. एकीकडे हप्त्यांत शंभर-दीडशें रुपयांची सूट देऊन दुसरीकडे निम्मी बॅटरी मालकाच्या माथीं मारणें याला उत्तेजन म्हणत नाहींत.

तोंपर्यंत पहिलीं तीन वर्षें तरी घसारा माफ करणारें कलम, ज्यास 'झिरो डेप' म्हणतात, जोडून घ्यावें. पण त्यांत बॅटरी येते कीं नाहीं हें लेखी विचारावें, कारण कित्येक कंपन्या तीच वगळतात. बॅटरी आपोआप मंदावली किंवा आंतील विजेच्या दोषानें बंद पडली, तर तें विम्याचें काम नव्हे. त्यासाठीं कारखान्याच्या हमीचा कागद जपावा.

आमच्या गांवास लागू अशी आणखी एक गोष्ट. शनिवार-रविवारीं मुंबईच्या पाहुण्यांस गाडी भाड्यानें देणारे कांहीं जण आम्हांस माहीत आहेत. खाजगी गाडीच्या विमापत्रांत भाड्याचा वापर व मालाची ने-आण वगळलेली असते. लायसन नसलेल्या गड्यास नारळाचीं पोतीं देऊन धाडणें हेंही तसेंच. तिऱ्हाइतास भरपाई देऊन कंपनी ती मालकाकडून परत मागूं शकते. चार पैशांच्या भाड्यासाठीं हा धोका पत्करणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

बॅटरीच्या कलमाविषयीं हैदराबादच्या विमा नियामक प्राधिकरणास पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा आम्हीं करून संघाच्या कचेरींत ठेविला आहे. ज्या सभासदांपाशीं विजेची गाडी आहे त्यांनीं विमापत्राचा नंबर व संपण्याची तारीख लिहून खालीं सही करावी.