लॅपटॉपच्या झिणझिण्या आणि तिसरी पिन

सुट्टीत भारतात जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव आला असेल. इथे अमेरिकेत वर्षभर निमूट चालणारा लॅपटॉप पुण्या-मुंबईच्या घरी चार्जिंगला लावला, की त्याच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवताना झिणझिण्या येतात. कोणीतरी टेस्टर आणतो, त्यातला दिवा लागतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "हा लॅपटॉप फेकून द्या." दुसरा म्हणतो, "चालायचंच, काही होत नाही." माझ्या मते दोघेही चुकतात.

कार्पेटवर चालून दाराच्या मुठीला हात लावल्यावर बसणारा हिवाळ्यातला चटका वेगळा. तो एकदाच बसतो. लॅपटॉपची झिणझिण चार्जर काढेपर्यंत चालू राहते. अ‍ॅडॅप्टरमध्ये मेन वीज आणि लॅपटॉपकडे जाणारी बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. रेडिओ-टीव्हीत खरखर येऊ नये हे त्याचे काम. त्यातून किंचित प्रवाह झिरपतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर आपल्या बोटातून वाट काढतो. इथे १२० व्होल्ट, तिथे २३०. फ्रीक्वेन्सी ६० ऐवजी ५० असली तरी झिरपणारा प्रवाह दीडपटीहून अधिक होतो. शिवाय तिथे आपण फरशीवर अनवाणी असतो.

हा प्रवाह किती असतो? आयईसी ६०९५० या जुन्या मानकाने अशा दोन पिनांच्या उपकरणांना ०.२५ मिलिअ‍ॅम्पिअरची मर्यादा घातली होती. स्नायू आखडून हात सुटत नाही, त्याला साधारण १० मिलिअ‍ॅम्पिअर लागतात. टेस्टर तर याहूनही कमी प्रवाहावर पेटतो. म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

पण निष्काळजीपणालाही जागा नाही. चांगल्या चार्जरमधला तो कपॅसिटर बिघडला तरी शॉर्ट होऊ नये, अशा बेताने बनवलेला असतो. स्वस्त नकली चार्जरमध्ये तिथे साधा कपॅसिटर असू शकतो. तो शॉर्ट झाला तर पूर्ण मेन वीज लॅपटॉपच्या अंगावर येते. तोपर्यंत दोन्हींची झिणझिण सारखीच. बोटाला फरक कळत नाही. "स्विच पडला नाही, म्हणजे सगळे ठीक" हेही खरे नव्हे. भारतातील घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअ‍ॅम्पिअरची असते; एवढ्याशा गळतीची ती दखलही घेत नाही.

तेव्हा चार गोष्टी कराव्यात. अ‍ॅडॅप्टर तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन मोडू नये आणि अर्थिंग पुढे नेणाराच ट्रॅव्हल प्लग घ्यावा. भारतातल्या घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. भिंतीत तीन भोके दिसली म्हणजे आत अर्थची वायर असतेच असे नाही. चार्जर घेताना इथे यूएलची खूण आणि तिथे बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. झिणझिण अचानक वाढली, झटका बसला किंवा वायर सोललेली दिसली, तर भिंतीवरचे बटण बंद करून तो चार्जर कायमचा बाद करावा.

विमानाच्या तिकिटांवर हजारो डॉलर खर्चून चार्जरवर वीस डॉलर वाचवणे हा हिशेब मला पटत नाही. पुढच्या भारतवारीची यादी करताना तीन पिनांचा चांगला प्लग आणि कंपनीचा चार्जर तिच्यात जरूर लिहावा. मुलांनाही सांगावे, की फरशीवर बसून खेळायचे असेल तर लॅपटॉप बॅटरीवरच चालवायचा.