दीड तास… कोणाचा?

"पुणे-नागपूर ना? अगं, दीड तासात पोचतेस तू!"

हे वाक्य आमच्याकडे सगळे म्हणतात. नागपूरचे मामा म्हणतात, धाकटी नणंद म्हणते, परवापर्यंत मीही म्हणत होते. आता कोणी म्हटलं की डोकं फिरतं.

माझा परवाचा दीड तास सांगते. सकाळी ६ ला कोथरूडहून निघाले, कारण काउंटर तासभर आधी बंद होतं आणि लोहगावच्या रस्त्याचा भरवसा कोणी द्यावा? विमान ९.०५ चं, सुटलं ९.४५ ला. उतरले ११.१० ला. बॅग, टॅक्सी, आणि धरमपेठेत मावशीच्या दारात पाऊल ठेवलं तेव्हा बरोब्बर १२ वाजले होते. सहा तास!

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ६०० किलोमीटर. म्हणजे माझा वेग ताशी १०० पडला.

मग दीड तास हा आकडा येतो कुठून? तो विमानाचा वेळ आहे, माणसाचा नाही. नेटवरची कोष्टकं तर त्याहून वरताण. नकाशावर सरळ रेघ मारायची, ठरावीक वेगाने भागायचं, झाला 'प्रवासाचा वेळ'. त्या रेघेच्या टोकाला कोणी राहतं का हो?

लगेच कोणीतरी म्हणेल, "मग रेल्वेने जा!" गेले असते की. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत आहे, पण तिलाही १२ तास लागतात. कारण रूळ सरळ जातच नाहीत. दौंड, नगर करत वर मनमाडला जायचं, मग जळगाव, भुसावळ, अकोला… ६०० चे ८८१ किलोमीटर होतात! तेव्हा नागपूरसाठी विमानच बरं, हे मला मान्य आहे. माझं भांडण विमानाशी नाही, त्या आकड्याशी आहे.

हाच आकडा दाखवून आता प्रत्येक जिल्ह्याला विमान हवंय. आमचा सोलापूरचा भाचा पुणे-सोलापूर विमानाची वाट बघतोय. अरे, २४० किलोमीटरच्या आत अंतर! घर ते घर हिशेब केलास तर चार-पाच तास जातील. आणि फेब्रुवारी २०२३ पासूनची वंदे भारत तुला तीन-साडेतीन तासांत शिवाजीनगरच्या जवळ, पुणे स्टेशनात आणून सोडते. असल्या अंतराला विमानाचा हट्ट म्हणजे शेजारी जायला रिक्षा करणं. तोच पैसा गाड्या वाढवण्यात घाला ना.

एवढी का चिडले, ते सांगते.

मावशी अत्यवस्थ आहे, असा रात्री फोन आला होता. सकाळी तिला सगळ्यांनी धीर दिला, "ती निघाली आहे, विमानाने येतेय, दीड तासात पोचेल." साडेसातपासून ती दाराकडे बघत होती म्हणे. दर थोड्या वेळाने विचारत होती. साडेअकराला गेली.

कोणी खोटं बोललं नव्हतं. सगळ्यांनी तोच आकडा सांगितला, जो मीही सांगत आले होते. "दुपारी पोचेल" म्हटलं असतं तर ती थांबली असती, असंही मी म्हणत नाही. पण पहाटेपासून दाराशी तरी लागून राहिली नसती.

असो. यापुढे आपल्या घरात कोणी विचारलं, तर उंबरठा ते उंबरठा वेळ सांगायचा. पुणे-नागपूर, सहा तास.