‘मला त्याचं काही नको’

कसबा पेठेतल्या आमच्या सल्ला केंद्रात एक वाक्य हमखास ऐकू येतं : “ताई, मला त्याचं काही नको, फक्त सुटका हवी.” वाक्य स्वाभिमानाचं आहे, पण मला त्याची धास्तीच वाटते. परस्परसंमतीच्या अर्जात त्याचं रूप होतं, ‘पोटगी, स्त्रीधन व घर यांवरील हक्क सोडत आहे’. खाली सही. पुढे मुलाच्या शाळेची फी भरायची वेळ येते, तेव्हा स्वाभिमान सराफाकडे गहाण ठेवता येत नाही.

आणि ‘त्याचं’ म्हणजे कोणाचं? दोन्ही वेळचा स्वयंपाक, सासूसासऱ्यांची दुखणी, मुलांचे अभ्यास तिने निभावले म्हणून तो ओव्हरटाइम करू शकला, फ्लॅटचे हप्ते भरू शकला. तरी हिंदू विवाह कायद्यात त्या फ्लॅटमध्ये तिची वाटणी नाही. आहे ती पोटगी. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, निम्मी तिची. पत्नीला स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेत ते पडून राहिलं आणि २०१४ मध्ये सभागृहाबरोबरच संपलं. त्यासाठी पुन्हा आवाज उठवायला हवा, असं मला वाटतं.

तोवर आहे त्या कायद्यातून पुरेपूर घ्यावं. कोर्टाची पायरी चढताच नवरा गरीब होतो, हे आपण सगळ्याच पाहतो! धंदा भावाच्या नावावर, पगार अर्धा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली एका बाईने केलेला पोटगीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगणं बंधनकारक केलं. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून. (सात वर्षं लागली याला.) पण त्या प्रतिज्ञापत्रातला खोटेपणा पकडायचा तर पगाराची स्लिप, पासबुक, विम्याच्या पावत्या, दागिन्यांची बिलं यांच्या झेरॉक्स घर सोडण्याआधीच माहेरी किंवा मैत्रिणीकडे पोचलेल्या हव्यात.

पेठेत घराचं दुखणं निराळं. वाड्याची भाडेपावती सासऱ्यांच्या नावे, वाडा पाडून मिळणारा फ्लॅटही त्यांच्याच नावे. “घर माझं आहे, नीघ,” असं सासरे सांगतात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जवळजवळ तेच म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये, सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा खटल्यात, ते फिरवलं. सून जिथे नांदली त्या घरात, मालकी सासऱ्यांची असली तरी, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला निवाऱ्याचा हक्क मागता येतो. तो फारकतीच्या सहीआधी मागावा.

वकिलाच्या फीचं म्हणाल, तर १९८७ च्या कायद्याने कोणत्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

कार्यकर्त्या मैत्रिणींनी समझोत्याचा मसुदा बाईला ओळ न् ओळ वाचून दाखवावा. “पोटगी सोड, लगेच सही करतो,” असं तो म्हणत असेल तर दोनदा वाचावा. आणि संयुक्त अर्जावर सही होऊन गेली असली, तरी हुकूमनामा होईपर्यंत तिला संमती मागे घेता येते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट सांगितलं आहे.