कॅसेट भंगारात देऊ नका

यंदा जयंतीपूर्वी घराला रंग काढायचा म्हणून पोटमाळा रिकामा केला, तेव्हा बुटाच्या खोक्यातून एकोणतीस कॅसेट निघाल्या. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, भंगारवाला खाली उभाच आहे. देऊन टाका. सगळी गाणी मोबाईलवर मिळतात." सौ.चे म्हणणे नव्वद टक्के खरे आहे. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी आज लिहीत आहोत.

आम्ही बी.कॉम. झालेले, म्हणून आधी जमाखर्च मांडतो. कॅसेटमधली फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद. तिच्यावर चुंबकीय पुडीचा थर असतो. आवाज चढेल-उतरेल तशी त्या पुडीतली चुंबकीयता चढते-उतरते. आवाजाची ही सलग नक्कल, म्हणून तिला ॲनालॉग म्हणतात. स्टुडिओतली मोठी फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावे, कॅसेट जेमतेम पावणेपाच. एवढ्याशा जागेत आवाज कोंबला की मागे 'सूंऽऽ' असे ऐकू येणारच. शिवाय एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी भरली की प्रत्येक वेळी काहीतरी घटते. आपल्या वस्त्यांत एक कॅसेट दहा घरांत भरून घेतली जाई. शेवटच्या घरी ढोलकी वाजते आहे की पत्र्याचा डबा, हे सांगणे कठीण!

सीडी १९८२ साली बाजारात आली. ती सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेऊन आकड्यांत लिहून ठेवते. माणसाचा कान फार तर २०,००० कंपने ऐकतो. त्याच्या दुपटीहून जास्त मापे घेतली की कानाला लागणारे काही निसटत नाही. आणि आकड्यांची नक्कल म्हणजे तेच आकडे, हजारावी प्रतही पहिलीसारखीच. म्हणून कॅसेटचा आवाज सीडीपेक्षा अस्सल, असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा काळ्या तबकड्या जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर प्रथमच. ज्यांना परवडतो त्यांना तो छंद लखलाभ. आमच्या चाळीत तबकडी क्वचित एखाद्याकडे होती. आमचे ॲनालॉग म्हणजे कॅसेटच.

पण कॅसेटचा मोठा गुण आवाजात नव्हताच. ती घरी भरता येत असे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून आणलेल्या भीमगीतांच्या कॅसेट पुष्कळ घरांत असतील. त्यांतली बरीच गाणी आज मोबाईलवर आहेत. गल्लीतल्या गायन पार्टीची गाणी मात्र कोणत्या कंपनीने काढली? ती कोणाच्या तरी टू-इन-वनमध्ये लाल बटण दाबून भरली गेली, आणि असलीच तर त्या एका फितीवर आहेत.

आमच्याकडेही अशी एक होती. १९९३ सालची जयंती, वरळीची आमची चाळ. आम्ही तेव्हा सातवीत. वडिलांनी मंचाजवळ टेप ठेवला होता. महिला मंडळाच्या कोरसमध्ये मागच्या रांगेत आमची आई. ती २०११ साली गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. पाच वर्षांपूर्वी ती कॅसेट आम्ही एका दुकानात पेन ड्राइव्हवर उतरवायला दिली. दुकानदार म्हणाला, "एकदम साफ करून देतो, साहेब." आम्हांस आनंद झाला. जुनी कॅसेट परत हवी का, असेही त्याने विचारले. ऑफिस गाठायच्या घाईत आम्ही म्हणालो, राहू द्या.

रात्री घरी ऐकले. 'सूं' गेला होता. झांजा पाण्याखालून वाजवल्यासारख्या येत होत्या. पुढचा गायक स्वच्छ, आणि मागची रांग जवळजवळ पुसलेली. यंत्राने बारीक आवाजाला खरखर समजून काढून टाकले होते, वर फाईलही लहान करून दिली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर कॅसेट कचऱ्यात गेलेली. दुकानदाराला काय बोलणार? घाई आमची होती.

तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा लावून पाहा. मागच्या कडेचे दोन्ही चिमुकले कप्पे मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही भरले जाणार नाही. टेपचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर संगणकाच्या लाइन-इनला जोडली आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घेतले की कॉलेजात जाणारे कोणतेही पोर काम करील. फक्त त्याला बजावा: एमपीथ्री नको, वेव्ह फाईल कर, आणि साफसफाई करू नको. वेव्हचे एक मिनिट सुमारे दहा एमबी, नेहमीच्या एमपीथ्रीचे एक. जागा वाचते ती आवाजातला काही भाग टाकूनच. रोज ऐकायला एमपीथ्री चालेल, जपून ठेवायला नाही. साठ मिनिटांची कॅसेट साधारण ६३५ एमबी होते. ३२ जीबीच्या कार्डात अशा पन्नास मावतील. कार्डही एक दिवस मरते, म्हणून दोन ठिकाणी ठेवा, आणि कॅसेट तर ठेवाच.

१९९३ च्या त्या रात्री आमच्या टेपशेजारी आणखी दोन टेप ठेवलेले होते, हे पक्के आठवते. एका घरी विचारले, त्यांच्याकडे काही उरलेले नाही. दुसरे कुटुंब बदलापूरला राहायला गेले आहे. त्यांच्या माळ्यावर एक पेटी आहे म्हणतात. येत्या रविवारी तिकडे जात आहोत.