लाकडाचा रंग कच्चा की पक्का?

बालमित्रांनो, नवा रंगीत रुमाल पहिल्यांदा धुतला की बादलीतलं पाणी रंगतं. "रंग कच्चा आहे!" आई म्हणते. लाकडाचंही असंच असतं, बरं का!

साग, देवदार अशी काही लाकडं सोडली, तर बऱ्याच लाकडांचा वाळवी आणि बुरशी फडशा पाडतात. यावर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३३ साली एक औषध शोधलं. त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक अशी तीन मूलद्रव्यं होती. आर्सेनिक म्हणजे आजीच्या गोष्टीतल्या सोमलातलं विष! आर्सेनिक आणि तांबं यांच्या रासायनिक चिन्हांवरून औषधाचं नाव पडलं 'अ‍ॅस्कू'. पुढे अशी औषधं जगभर वापरली गेली.

लाकूड बंद टाकीत ठेवून हे औषध दाबाने आत मुरवतात. तांबं बुरशीला रोखतं, आर्सेनिक वाळवीला. मग क्रोमियम कशाला? रंगारी कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतो ना? तेच काम इथे क्रोमियम करतं. ते औषधाला लाकडाशी बांधून ठेवतं.

पण ही बांधणी व्हायला काही दिवस, थंडीत तर काही आठवडे लागतात. शिवाय कठीण लाकडात औषध सगळीकडे सारखं बसत नाही. मग पाऊस पडला की थोडं औषध निसटून मातीत उतरतं. यालाच 'निक्षालन' म्हणतात. पहिल्या पावसांत ते जास्त होतं, नंतर कमी होतं. पण अगदी थांबत नाही. भुशातून तर औषध जास्तच सुटतं, कारण बारीक कणांना पाणी सगळीकडून भिडतं.

अमेरिकेत अशा लाकडाचे झोके, घसरगुंड्या असायच्या. मुलांचे हात लाकडाला लागणार आणि तेच तोंडात जाणार! म्हणून २००३ च्या अखेरीस तिथल्या उत्पादकांनी घर-अंगणातल्या वापरासाठी असं लाकूड बनवणं थांबवलं. खांबांसारख्या कामांना मात्र ते चालू राहिलं.

तेव्हा दोस्तांनो, हिरवट झाक असलेली जुनी फळी किंवा खांब दिसला, तर तो होळीत, शेकोटीत किंवा बंबात घालू नका. आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही. ते धुरात आणि राखेत उतरतं. हिरवा रंग उन्हापावसाने उडतो, विष मात्र आत राहतं. म्हणून लाकूड कुठलं हे माहीत नसेल, तर आधी मोठ्यांना विचारा. आणि हाताळलंच, तर खाण्यापूर्वी साबणाने हात धुवा. ठेवाल ना लक्षात?